बीम जागेवर आहे का? कणत्वरकातल्या बीमची जागा आणि ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणत्वरक म्हणजे कणांना ऊर्जा देऊन पळवणारं यंत्र. त्याच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षं पाळ्या केल्या की काही प्रश्न तोंडपाठ होतात. विज्ञान दिनाला येणारी कॉलेजची मुलं विचारतात, नवीन रुजू झालेले इंजिनिअर विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकाही विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की बघत काय बसता हो रात्रभर?" उत्तर एकच: बीम जागेवर आहे का, आणि त्याची ऊर्जा हवी तेवढीच आहे का. बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण. खाली काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत. विषयच तसा आहे.

बीम म्हणजे नेमकं काय? तो हलला तर काय बिघडतं?

बीम म्हणजे एका दिशेने धावणाऱ्या कणांचा झोत. पुस्तकांत त्याला कणशलाका म्हणतात. कामावर मात्र हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. झोत नळाच्या धारेसारखा सलग नसतो, त्यात कणांचे पुंजके एकामागोमाग धावत असतात. त्यांना आम्ही बंच म्हणतो.

जवळचं उदाहरण इंदूरचं. राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातलं इंडस-२ हे इलेक्ट्रॉनचं कडं १७२.४७ मीटर परिघाचं आहे. त्यात २.५ जीईव्ही (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं माप) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, आणि तेच इलेक्ट्रॉन तासन् तास फिरत राहतात. वळणांवर ते प्रकाश टाकतात, मुख्यतः क्ष-किरण. तो प्रकाश भिंतीपलीकडच्या प्रयोगांना जातो.

आता हिशोब बघा. प्रयोगाचा नमुना बीमपासून ३० मीटर अंतरावर आहे आणि बीमचा कोन फक्त एक मायक्रोरेडियनने बदलला. नमुन्यावर प्रकाशाचा ठिपका ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर, सरकतो. नमुन्याचा स्फटिक २० मायक्रॉनचा असेल तर प्रकाश त्याला चुकवून मागच्या भिंतीवर पडतो. प्रयोग करणाऱ्याच्या पडद्यावर एवढंच दिसतं की आकडे घसरले. मग फोन वाजतो.

किती हललेला चालतो?

ढोबळ नियम असा की बीमच्या स्वतःच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त हलू नये. नव्या प्रकाशस्रोतांमध्ये, म्हणजे प्रयोगांना प्रकाश पुरवणाऱ्या अशा कड्यांमध्ये, बीम उभ्या दिशेने पाचेक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे परवानगी अर्ध्या मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा.

एवढी बारीक हालचाल मोजता कशी? आत तर निर्वात पोकळी आहे.

बीमला हात न लावता. बीम ज्या धातूच्या नळीतून जातो तिच्या भिंतीत ठराविक जागी चार छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. शर्टाच्या बटणाएवढ्या असतात म्हणून त्यांना बटणंच म्हणतात. इलेक्ट्रॉनचा बंच शेजारून गेला की त्याच्या विद्युत क्षेत्रामुळे प्रत्येक बटणावर एक क्षणिक ठोका उमटतो. बंच ज्या बटणाच्या जवळून गेला त्याचा ठोका मोठा, लांबच्याचा छोटा. या चार बटणांच्या संचाला बीपीएम म्हणतात, म्हणजे बीमची जागा सांगणारा मापक.

उजवीकडच्या दोन बटणांची बेरीज, वजा डावीकडच्या दोघांची बेरीज, भागिले चौघांची बेरीज. या गुणोत्तराला नळीच्या आकारावरून ठरणाऱ्या एका लांबीने गुणलं की बीम मध्यापासून किती बाजूला आहे ते मिळतं. भागाकार करायचा कारण बीममधले इलेक्ट्रॉन कमी झाले की चारही ठोके एकदम लहान होतात. त्याला जागा बदलली असं समजायचं नाही.

ही गुणायची लांबी २० मिलिमीटर असेल तर एक मायक्रॉनच्या सरकण्याने गुणोत्तर बदलतं २०,००० मध्ये १ एवढं. ठोक्यातला एवढासा फरक ओळखायचा, तोही वायरींचं तापमान बदलत असताना आणि शेजारच्या खोलीत मोठमोठे वीजपुरवठे घरघरत असताना. बीपीएमचं इलेक्ट्रॉनिक्स महाग का असतं, ते इथे कळतं.

बटणं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशी अधिक चिन्हासारखी का लावत नाहीत, हे हुशार मुलं हमखास विचारतात. इलेक्ट्रॉनच्या कड्यात प्रकाशाचा पंखा आडव्या पातळीत फेकला जातो. बटण त्या पातळीत ठेवलं तर थेट त्या झोतात भाजेल. म्हणून ती तिरकी, गुणिले चिन्हासारखी लावतात.

बीपीएम म्हणतो तो मध्य खरोखर मध्य असतो का?

नसतो. बटणांचा विद्युत मध्य, नळीचा मध्य आणि शेजारच्या चुंबकाचा मध्य हे तीन वेगळे बिंदू असतात, आणि त्यांच्यात शंभरेक मायक्रॉनचा फरक सहज निघतो. आपल्याला हवा असतो चुंबकाचा मध्य. तो बीमलाच विचारायचा. बीम एकत्र बांधून ठेवणारी जी चुंबकं असतात, ज्यांना आम्ही क्वाड म्हणतो, त्यांच्या बरोबर मध्यात क्षेत्र शून्य असतं. एका क्वाडचा प्रवाह थोडा कमी-जास्त करायचा. बीम मध्यातून जात नसेल तर त्याला धक्का बसून तो सगळ्या कड्यात हलतो. मग बीम किंचित सरकवून पुन्हा तेच. ज्या जागी क्वाडचा प्रवाह बदलूनही बीम हलत नाही, तो मध्य. त्या वेळी बीपीएम जो आकडा दाखवतो तो त्याच्या खात्यात 'तुझी चूक' म्हणून लिहून ठेवायचा. एकेक करून सगळे बीपीएम असे तपासायला पाळीच्या पाळ्या जातात. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं वाळूवर बांधलेलं घर.

जागा चुकली तर दुरुस्त कशी करतात?

कड्याभर छोटी दुरुस्ती-चुंबकं असतात, करेक्टर. प्रत्येक करेक्टर बीमला अगदी हलका धक्का देतो. गंमत अशी की कड्यात एका जागी धक्का दिला तर बीम तेवढ्याच जागी सरकत नाही. तेच कण पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येत असल्याने त्या धक्क्याची लाट पूर्ण परिघावर पसरते. म्हणून आधी एकेका करेक्टरचा प्रवाह बदलून प्रत्येक बीपीएमवर काय दिसतं याचा तक्ता बनवतात. पन्नास करेक्टर आणि पन्नास बीपीएम असतील तर २,५०० आकड्यांचा तक्ता. तो उलटा केला की प्रश्नाचं उत्तर मिळतं: बीम असा असा वाकडा आहे, तर कुठल्या करेक्टरला किती प्रवाह द्यायचा?

तक्ता उलटा करताना हावरटपणा करायचा नाही. काही धक्क्यांच्या जोड्या अशा असतात की करेक्टर जोरात ढकलतात पण बीपीएमवर काहीच दिसत नाही. गणित त्यांनाही कामाला लावू बघतं आणि मोजणीतल्या गोंगाटामागे धावत करेक्टरांना वेड्यासारखं ताणतं. असे घटक मुद्दाम वगळावे लागतात. किती वगळायचे याचं सूत्र पुस्तकात मिळतं, शहाणपण मात्र पाळीतच येतं.

हे सगळं संगणक आपोआप करतो, यालाच फीडबॅक म्हणतात. संथ फेरा दर काही सेकंदांनी एकदा, वेगवान फेरा सेकंदाला हजारो वेळा. इंग्लंडच्या डायमंड प्रकाशस्रोतात तो सेकंदाला सुमारे १०,००० वेळा चालतो.

एवढं हलवतं कोण?

वीज आधी. आपल्याकडे ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. चुंबकांच्या वीजपुरवठ्यात त्याचा बारीकसा गुणगुणाट शिल्लक राहतोच, आणि बीमच्या हालचालीचा आलेख काढला की ५०, १००, १५० वर सुळके उभे दिसतात. मग थंड पाण्याचे पंप, वातानुकूलनाचे पंखे, रस्त्यावरून गेलेला ट्रक.

पण माझ्या मते खरा चोर तापमान. पोलादाचा एक मीटर उंच पाया तापमान एक दशांश अंशाने वाढल्यावर १.२ मायक्रॉन उंच होतो. वर उभा क्वाड तेवढाच उचलला जातो, आणि बीम त्याच्या कितीतरी पट सरकतो. त्यामुळे बोगद्यातली हवा आणि चुंबकांतलं पाणी दशांश अंशांत सांभाळावं लागतं. आलेखावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसायला लागली की जुना माणूस खुर्चीतून न उठता सांगतो, "चिलर बघा." चिलर म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आणि बहुतेक वेळा तोच असतो.

बीम विझत चालला तरी तापमान हलतं. इलेक्ट्रॉन कमी झाले, प्रकाश कमी झाला, नळी कमी तापली, नळीसकट बीपीएम सरकला. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी थोड्या थोड्या वेळाने इलेक्ट्रॉनची भर घालत राहतात. प्रवाह स्थिर, म्हणून उष्णता स्थिर.

बीपीएम खोटं बोलला तर?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात मी स्वतः फसलो आहे. कुठे, ते राहू द्या.

रात्रपाळी. पडद्यावर सगळे बीपीएम हिरवे, बीम रेघेवर. पहाटे दोनच्या सुमाराला एका बीमलाइनवरून, म्हणजे प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटेवरून, फोन: "अहो सर, आमचा प्रकाश हळूहळू खाली चाललाय. तुम्ही काही हलवलंत का?" मी छातीठोकपणे सांगितलं की काही हलवलेलं नाही, बीम मायक्रॉनच्या आत आहे. अर्ध्या तासाने दुसऱ्या बीमलाइनचा फोन, तोच सूर. तरी पडदा हिरवाच.

मग बीपीएम सोडून करेक्टरांचे आलेख उघडले. एकमेकांशेजारचे तीन करेक्टर तीन तासांपासून एकाच दिशेला इंचाइंचाने चालले होते, आणि कड्यातले बाकीचे करेक्टर गप्प. दिवसाउजेडी असं चित्र दिसलं तर शंका यावी. पहाटे दोनला माणूस हिरवा रंग बघून समाधान मानतो. त्या तीन करेक्टरांमधल्या बीपीएमच्या चार बटणांचे आकडे वेगवेगळे काढले. तीन बटणं स्थिर, चौथ्याचा ठोका सावकाश घटत होता. बीम आपणहून हललाच नव्हता. एका केबलचा कनेक्टर पान्याने आवळायचा राहिला होता, फक्त बोटांनी फिरवलेला. तो तापमानाबरोबर सैल होत होता. बीपीएम म्हणाला बीम वर चाललाय. फीडबॅकने इमानेइतबारे त्याचं ऐकलं आणि खरोखरच्या सरळ बीमला खाली ढकललं. पडद्यावर म्हणून सगळं हिरवं.

त्या बीपीएमला फेऱ्यातून काढायला दोन मिनिटं लागली. बीमलाइनवाल्यांना पुन्हा फोन करून "चूक आमचीच" म्हणायला थोडा जास्त वेळ लागला.

तेव्हापासून नवीन मुलांना मी दोन गोष्टी बघायला सांगतो. एक, चारही बटणांची बेरीज: ती सगळ्या बीपीएमवर एकाच प्रमाणात घटली पाहिजे. एखाद्याचीच वेगळी घटली तर तो बीपीएम आजारी आहे. दुसरी, तिरक्या समोरासमोरच्या जोड्या: बीम वर सरको की उजवीकडे, या दोन जोड्यांच्या बेरजा जवळपास सारख्या राहतात. त्या फाटल्या की बीमला दोष देऊ नका, केबल तपासा. आणि फीडबॅक चालू असताना बीमची खबर बीपीएमपेक्षा करेक्टर जास्त खरी देतात.

ऊर्जा कशी मोजता? तिथे तर बटणं नाहीत.

तीच बटणं चालतात. जास्त ऊर्जेचा कण वळणावर कमी वळतो, म्हणून बाहेरच्या बाजूने जातो; कमी ऊर्जेचा आतून. वळणानंतर योग्य जागी बीपीएम ठेवला की आडवी जागा हीच ऊर्जेची खूण होते. फक्त बीम नुसता सरकला की ऊर्जा बदलली, हे एका बीपीएमवरून सांगता येत नाही. अनेकांचा मेळ घालावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे वळवणाऱ्या चुंबकाचं क्षेत्र थेट मोजणं. तिसरी सगळ्यांत देखणी, पण ती पुढे सर्न या युरोपातल्या कणसंशोधन केंद्राच्या गोष्टीत सांगतो.

चंद्रामुळे बीमची ऊर्जा बदलते हे खरं का? की व्हॉट्सॲपवरचं?

खरं. आणि ती मोजलेली आहे.

जिनिव्हाजवळ सर्नमध्ये १९८९ ते २००० या काळात लेप नावाचं यंत्र चाललं. सुमारे २६.७ किलोमीटर परीघ, इलेक्ट्रॉन एका दिशेने, पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन प्रभाराचे जुळे) उलट दिशेने. आज त्याच बोगद्यात एलएचसी हा मोठा त्वरक आहे. लेपचं पहिलं मोठं काम झेड बोसॉन या जड मूलकणाचं वस्तुमान ठरवणं. त्यासाठी बीमची ऊर्जा थोडी थोडी बदलत टकरींतून झेड किती बनतात ते मोजायचं. म्हणजे वस्तुमानाची अचूकता थेट बीमच्या ऊर्जेच्या अचूकतेवर बेतलेली.

ऊर्जा मोजायची ती देखणी वाट अशी. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा असतो. कड्यात तासन् तास फिरताना प्रकाश टाकत टाकत या भोवऱ्यांचे अक्ष आपोआप एका दिशेला कलू लागतात. चुंबकीय क्षेत्रात हा अक्ष घुमतो, आणि एका फेरीत तो किती वेळा घुमतो हे फक्त ऊर्जेवर अवलंबून असतं. लेपमध्ये ४५.६ जीईव्हीला हा आकडा सुमारे १०३.५. आता बीमला एका छोट्या चुंबकाने ठराविक लयीत टिचक्या मारायच्या आणि लय हळूहळू बदलायची. लय बरोबर जुळली की एका रेषेत आलेले अक्ष विस्कटतात, आणि ते लेसरच्या प्रकाशाने लगेच कळतं. झोका जुळत्या लयीत ढकलावा तसंच. त्या लयीवरून ऊर्जा ४५,६०० एमईव्हीत (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) ०.२ एमईव्ही इतकी नेमकी कळायची. दोन लाखांत एक.

आणि इतकं नेमकं मोजायला लागल्यावर घोळ सुरू झाला. यंत्राला कोणी हात लावलेला नसताना वेगवेगळ्या वेळची मोजमापं एकमेकांशी जुळेनात. संशय गेला भरती-ओहोटीवर. कोकणातल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सांगावं लागत नाही, पण चंद्र फक्त पाणी ओढत नाही, जमीनही ओढतो. जिनिव्हाच्या परिसरात जमीन या ओढीने पंचवीसेक सेंटीमीटरपर्यंत वरखाली होते. आपल्याला कळत नाही, कारण घर, झाड, डोंगर सगळंच बरोबर वर जातं. लेपचा परीघ मात्र त्यामुळे साधारण एक मिलिमीटरने बदलायचा.

२६.७ किलोमीटरमध्ये एक मिलिमीटर! पण बघा काय होतं ते. इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतात, त्यांचा वेग वाढत-घटत नाही. त्यांना ढकलणाऱ्या रेडिओ लहरींची लय घड्याळासारखी पक्की. वेग पक्का, एका फेरीचा वेळ पक्का, म्हणजे बीमच्या वाटेची लांबीही पक्की. जमीन फुगली, चुंबकं बाहेर सरकली, पण बीमची वाट तेवढीच राहिली. आता तो क्वाडच्या मध्याऐवजी आतल्या बाजूने जातो, आणि क्वाड त्याला मध्याकडे, म्हणजे बाहेर, ढकलतात. पूर्ण फेरी बंद करायला वळवणाऱ्या चुंबकांना ही कसर भरून काढावी लागते; तेवढं जास्त वळायला कणाची ऊर्जा कमी व्हावी लागते. या साखळीत लांबीतला फरक पाच हजारांहून जास्त पटीने मोठा होऊन ऊर्जेत उतरतो. एक मिलिमीटरला जवळजवळ १० एमईव्ही.

नोव्हेंबर १९९२ मध्ये, पौर्णिमेच्या सुमाराला, पूर्ण दिवसभर ऊर्जा मोजत राहिले. आलेखावरचे बिंदू भरतीच्या गणिताच्या रेघेवर येऊन बसले. पुढे जिनिव्हा सरोवरातल्या पाण्याच्या पातळीचा परिणामही दिसला, कारण पाण्याच्या वजनाने जमीन दबते. तो मात्र दिवसांच्या नव्हे, ऋतूंच्या हिशोबाने चालतो.

आणि रेल्वेमुळेही ऊर्जा बदलायची म्हणतात, ते काय?

ते प्रकरण १९९५ चं. तेव्हा बोगद्यातल्या काही वळवणाऱ्या चुंबकांमध्ये क्षेत्र मोजणारे मापक बसवले. क्षेत्र शांत असायला हवं होतं; दिवसभर ते थरथरत असायचं आणि मध्यरात्रीनंतर काही तास गप्प. असं वेळापत्रक पाळणारा गोंगाट निसर्गाचा नसतो.

जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणारी रेल्वे तेव्हा १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची. आपल्या मुंबईच्या लोकलही २०१० च्या दशकात पूर्णपणे २५,००० व्होल्ट एसीवर जाईपर्यंत अशाच चालायच्या. गाडीने घेतलेला प्रवाह रुळांतून परत जायला हवा, पण त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि जो धातू सापडेल तो धरून पुढे जातो. लेपची बीमची नळी म्हणजे सत्तावीस किलोमीटरचा आयता धातू. प्रवाह जेमतेम अँपिअरभराचा, पण तो चुंबकाच्या पोलादाला हलवायला पुरायचा. रुळांवरचा व्होल्टेज, नळीतला प्रवाह आणि चुंबकाचं क्षेत्र हे तीन आलेख एकाखाली एक ठेवले तेव्हा पॅरिसला निघालेली टीजीव्ही ही वेगवान गाडी मेरँ आणि झिमेझा ही स्थानकं कधी ओलांडते ते चुंबकात वाचता येत होतं.

यातला खरा त्रास थरथरीचा नव्हताच. पोलादाला लागलेला प्रत्येक धक्का त्याला किंचित वर चढवून ठेवायचा, तो पूर्ण खाली यायचाच नाही. तासन् तास हे साचत ऊर्जा काही एमईव्हीने वाढायची. आणि नेमकं मोजमाप बहुधा एकदा भरलेला बीम संपत आल्यावर व्हायचं, म्हणजे ऊर्जा वर चढलेली असताना. हा हिशोब आधीच्या वर्षांच्या आकड्यांतही मागे जाऊन सुधारावा लागला. शेवटी झेडचं वस्तुमान ठरलं ९१.१८७५ जीईव्ही, चूक ०.००२१.

बीमच्या वाटेत बाटल्या सापडल्या होत्या म्हणे?

हो, लेपमध्येच, १९९६ साली. यंत्र दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करताना बीम काही केल्या फिरेना. जागा मोजणाऱ्या मापकांवरून अडथळा कुठल्या चुंबकाशेजारी आहे ते शोधून नळी उघडली, तर आत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या. कोणी ठेवल्या ते विचारू नका.

सरळ रेषेच्या त्वरकात हे सोपं असतं का?

कड्याला स्वतःची आठवण असते, चुका शंभर फेऱ्यांत सरासरीला येतात. सरळ त्वरकात प्रत्येक बंच एकदाच जातो. रेडिओ लहरीच्या माथ्यावर तो बसला पाहिजे, कारण माथ्यावर थोडं मागेपुढे झालं तरी मिळणारी ऊर्जा फारशी बदलत नाही. उतारावर मात्र लगेच बदलते. हँबर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या सरळ त्वरकात लहरीची फेज, म्हणजे बंच लहरीच्या कुठल्या जागी बसतो ते, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळायची असते. १.३ गिगाहर्ट्झला हे सुमारे २१ फेमटोसेकंद झाले (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). शिवाय ही लहर ज्या धातूच्या पोकळ्यांत असते त्या अतिवाहक (विजेला जवळजवळ रोध न करणाऱ्या), पातळ भिंतींच्या. लांबच्या पंपाच्या कंपनानेही त्यांचा सूर उतरतो. एकदा सूर लावून ठेवला आणि झालं, असं इथे नसतं. मैफिलभर तंबोरा जुळवत बसावं लागतं.

मुंबईत असं काही आहे का?

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा त्वरक आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा मिळून. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. त्यातली ऊर्जा स्थिर ठेवायची युक्ती मला फार आवडते, कारण ती कागदावर दोन रेघांत काढून दाखवता येते.

बीम वरून खाली येतो आणि ९० अंशांच्या चुंबकातून वळतो. वळणानंतर धातूच्या दोन पट्ट्यांमधली फट. ऊर्जा बरोबर असेल तर बीम फटीच्या मधोमध जातो आणि दोन्ही पट्ट्यांना सारखाच निसटता स्पर्श करतो. ऊर्जा वाढली की बाहेरच्या पट्टीवर जास्त कण पडतात, घटली की आतल्या. दोन पट्ट्यांच्या प्रवाहातला फरक मागे वर पाठवला जातो, टोकाच्या उच्च व्होल्टेजजवळ असलेल्या सुयांच्या टोकांकडे. त्या सुया हवा तेवढा प्रवाह गळू देतात आणि व्होल्टेज पुन्हा जागेवर येतं. संगणक नाही, तक्ता नाही. तराजूसारखं काम.

रुग्णांवर वापरतात त्या बीमचं काय?

खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत प्रोटॉनने कर्करोगावर उपचार होतात. प्रोटॉन शरीरात ठराविक खोलीवर जाऊन थांबतो आणि थांबतानाच सगळ्यांत जास्त ऊर्जा टाकतो. खोली ठरते ऊर्जेवरून: २३० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटीमीटर जातो. ऊर्जा एक टक्का चुकली तर थांबायची जागा जवळजवळ सहा मिलिमीटरने हलते. गाठीच्या मागे मज्जारज्जू असेल तर सहा मिलिमीटर म्हणजे काय ते सांगायला नको. अशा यंत्रांत बीम शरीरात शिरण्याआधी वायू भरलेल्या पातळ कक्षांतून जातो. ते ठिपक्यागणिक जागा आणि मात्रा मोजतात. ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की दुरुस्ती करत बसायचं नाही, बीम बंद करायचा. आमच्या कामात आणि त्यांच्या कामात हा मोठा फरक आहे.

नियंत्रण कक्षात मोबाईल वाजला तर बीम हलतो का?

नाही. माणसाचं लक्ष हलतं.

सगळं फीडबॅकच करतो, मग माणसं कशाला?

वरची कनेक्टरची गोष्ट पुन्हा वाचा.

बीम गेलाच तर पुढे काय करता?

बीपीएमने बीम हद्दीबाहेर दाखवला की सुरक्षेची यंत्रणा रेडिओ लहरी तोडते. इंडस-२ सारख्या कड्यात इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे ६२० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रकाशात गमावतो. भरपाई थांबली की एक मिलिसेकंद भरायच्या बऱ्याच आधी सगळे भिंतीला टेकतात. मग पहिलं काम कारण शोधणं, कारण न कळता पुन्हा भरलं तर पुन्हा जातो. त्यानंतर पोलादाची आठवण पुसायला चुंबकं ठरलेल्या क्रमाने वरखाली फिरवायची. मग ५५० एमईव्हीला इलेक्ट्रॉन भरायचे, सावकाश २.५ जीईव्हीपर्यंत चढवायचे. चढताना बीम थोडा इकडेतिकडे भटकतो, वर पोचल्यावर ऑर्बिट, म्हणजे बीमची वाट, सुधारायची, संथ फेरा चालू करायचा, चारही बटणांच्या बेरजा एकदा डोळ्यांखालून घालायच्या आणि बीमलाइनवाल्यांना फोन लावायचा: "आला. बघा तुमच्याकडे."